मामाच्या लेथखालचं लोखंड: प्रकल्प नोंदी

१० जून

विषय ठरला. ऑर्थो-फेनिलीन डायअमीन आणि बेंझाल्डिहाइड घ्यायचं, त्यापासून २-फेनिल बेंझिमिडॅझोल करायचं. उत्प्रेरक लोखंडाचा, ऑक्सिडंट म्हणजे खिडकीतून येणारी हवा. सर म्हणाले, "महागाचं काही मागू नकोस, मिळणार नाही." एवढ्यात निम्मा विषय ठरला होता.

बेंझिमिडॅझोल हे बेंझीनच्या एका कडेला चिकटलेलं पाच अणूंचं कडं, त्यात दोन नायट्रोजन. नाव परकं वाटतं, पण हे कडं घराघरात आहे. शाळेत देतात ती जंताची गोळी, अल्बेंडॅझोल, याच कड्यावर उभी आहे. ॲसिडिटीवरची ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल याच घराण्यातली. बी-१२ जीवनसत्त्वाच्या पोटातसुद्धा दोन मिथिल लावलेलं हेच कडं बसलंय.

लोखंडच का, याला सरांचं उत्तर औषधाच्या बाजूने आहे. गोळीत पॅलेडियम राहिलं तर तोंडावाटे दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, असं आयसीएचची, म्हणजे औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या संस्थेची, मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. लोखंडाला त्यात मर्यादाच घातलेली नाही, कारण मुळात विषारीपणा कमी. शिवाय पृथ्वीच्या कवचात वजनाने साधारण ५ टक्के लोखंडच आहे. माझं उत्तर साधं आहे: फेरिक क्लोराइडची बाटली कपाटात होती.

१३ जून

डायअमीनची बाटली उघडली तर आत चहाच्या भुकटीसारखा माल. शुद्ध असेल तर हे जवळजवळ पांढरं असतं, हवेने काळवंडतं. गरम पाण्यात विरघळवून चिमूटभर सोडियम डायथायोनाइट आणि कोळसा घातला, गरम असतानाच गाळलं, बर्फात ठेवलं. तासाभराने फिकट पिवळसर पत्रे तरंगायला लागले. कोरडे केले, काळ्या कागदात गुंडाळून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात. पूर्ण दिवस यातच गेला. हातमोजे घातले होते तरी मनगटावर एक तपकिरी डाग राहिलाय.

१७ जून

पहिला प्रयोग आणि पहिलीच फजिती. इथेनॉलमध्ये डायअमीन घेतलं, त्यात फेरिक क्लोराइड टाकलं, म्हटलं ढवळू दे, तोवर बेंझाल्डिहाइड मोजून घेऊ. मापन करून वळले तर फ्लास्कमध्ये लालभडक रंग, मिनिटा-दोन मिनिटांत गडद तांबूस तपकिरी. टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर, एक केशरी ठिपका असा चमकत होता की दिवा लावायची गरज नव्हती.

सरांनी बघितलं आणि हसले. लोखंडाने डायअमीनचेच दोन रेणू एकमेकांना जोडले होते. २,३-डायअमिनोफिनॅझिन. म्हणजे नायट्रोजनचं कडं झालं, लोखंडानेच केलं, फक्त आपल्याला हवं ते नाही. "विषय तोच आहे की, नापास कशाला करू," म्हणाले. मला तेव्हा हसू आलं नाही. दिवसभर खपून काढलेले पत्रे त्यात गेले होते.

शिकले ते एवढंच: आधी अल्डिहाइड घालायचं, दोघांना जुळून इमीन होऊ द्यायचं, मग लोखंड.

२१ जून

आता क्रम पक्का. २ मिलिमोल डायअमीन, म्हणजे २१६ मिलिग्रॅम. बेंझाल्डिहाइड ०.२० मिलि. ५ मिलि इथेनॉल. अर्धा तास ढवळायचं, पिवळी झाक येते, मग सहा पाण्यांचं फेरिक क्लोराइड ५४ मिलिग्रॅम, म्हणजे १० मोल टक्के, डायअमीनच्या शंभर रेणूंमागे लोखंडाचे दहा अणू. तोंडाला बूच नाही, नुसता कापूस. ५० अंशांवर चार तास.

फ्लास्कमध्ये काय होतं ते माझ्या शब्दांत लिहून ठेवते, तोंडी परीक्षेला लागेल. एका अमीनने अल्डिहाइड धरलं, पाणी बाहेर पडलं, इमीन झालं. शेजारचा दुसरा अमीन वळून त्याच कार्बनला येऊन चिकटला, कडं बंद. पण या कड्यात दोन हायड्रोजन जास्तीचे आहेत. ते निघाले तरच खरं बेंझिमिडॅझोल. तिथे लोखंड लागतं: तीन भाराचं लोखंड इलेक्ट्रॉन घेऊन दोन भाराचं होतं, हवेतला ऑक्सिजन त्याला परत तिनावर आणतो, आणि ते पुन्हा कामाला लागतं. पुस्तकात तरी असंच आहे.

मिळालं २६२ मिलिग्रॅम, ६७ टक्के. पाण्यात ओतलं की पांढरट गाळ खाली बसतो, तो इथेनॉलमधून स्फटिक करून घेतला. सोबत थोडा भामटा माल येतो: एका डायअमीनला दोन अल्डिहाइड चिकटून झालेलं १-बेंझिल-२-फेनिल बेंझिमिडॅझोल. त्याला ऑक्सिडंट लागतच नाही, हायड्रोजन आतल्या आत सरकतो. आम्ही त्याला वहीत 'जोडगोळी' म्हणतो.

वितळणबिंदूचा घोळ वेगळाच. आपल्या मालाचा आहे २९० च्या पुढे. आमच्या नळीत द्रव पॅराफिन; ते २२० च्या वर धुरायला लागलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुली खोकत बाहेर गेल्या. दुसऱ्या विभागात विजेवरचं उपकरण आहे, तिथे नंबर लावला. २९१ ते २९३. बरोबर.

२५ जून

सर म्हणाले, आधी कोरे प्रयोग. म्हणजे उत्प्रेरक न घालता सगळं तसंच. माझ्या मनात होतं की यात काय बघायचं, काहीच होणार नाही. झालं: ७० मिलिग्रॅम, १८ टक्के. हवा एकटीच एवढं करते.

मग फक्त हायड्रोक्लोरिक आम्ल. फेरिक क्लोराइड पाण्याच्या अंशाने आम्ल सोडतं, तेव्हा काम आम्लाचंच असेल तर? ९३ मिलिग्रॅम, २४ टक्के, आणि जोडगोळीचा ठिपका चांगलाच जाड. म्हणजे आम्ल कडं बंद करायला मदत करतं, पण हायड्रोजन काढून घेणं त्याच्या हातात नाही.

नायट्रोजनच्या फुग्याखाली पण एकदा केलं. टीएलसीवर आपला ठिपका जेमतेम. हिशोबच आहे: १० टक्के लोखंड एका फेरीत १० टक्के इलेक्ट्रॉन घेणार, एका रेणूला दोन लागतात, म्हणजे ५ टक्के माल. पुढे हवा नसेल तर लोखंड गप्प.

कोरे प्रयोग कंटाळवाणे असतात, त्यांचा फोटो कुणी कुणाला पाठवत नाही. पण ६७ हा आकडा १८ शेजारी लिहिल्यावरच कळला.

२ जुलै

मामाकडे गेले होते, शिवाजी उद्यमनगरात. मामा लेथवर असतो, तीस वर्षं झाली. मशीनखाली पत्र्याच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कीस साचतो, काळसर करडा, कूलंटने ओलसर. भंगारवाला येऊन नेतो. मी विचारलं, "मामा, यातलं वाटीभर देशील?"

"वाटीभर? घमेलंभर ने की. काय करतीस त्याचं?"

"औषधाचं रसायन."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग किसाकडे. "खायला नको म्हणजे झालं."

कल्पना माझीच. बाटलीतलं फेरिक क्लोराइड बाहेरून येतं. कोल्हापुरात लोखंडाचा कीस गल्लोगल्ली पडलाय. इथली ऑइल इंजिनं, त्यातून वाढलेल्या फाउंड्र्या, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहती. त्याच्यापासून उत्प्रेरक केला तर? सरांना फोनवर सांगितलं. दोन सेकंद गप्प, मग "आण." सरांच्या भाषेत हा जल्लोष असतो.

५ जुलै

कीस आधी ॲसिटोनने तीनदा धुतला, कूलंटचा वास जाईपर्यंत. वाळवला. ६ ग्रॅम घेऊन निम्म्या ताकदीचं हायड्रोक्लोरिक आम्ल ६० मिलि, थोडं थोडं, धुराच्या कपाटात.

बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, आम्ल लागलं की येणारा वास ज्याने घेतलाय तो विसरत नाही. लसणासारखा, गॅस वेल्डिंगवाल्याच्या कार्बाइडच्या डब्यासारखा. नुसता हायड्रोजन असता तर वास आला नसता. बिडातले कार्बाइड, फॉस्फाइड, सल्फाइड सगळे एकदम बोलायला लागतात. ६ ग्रॅम लोखंडातून अडीच लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो, म्हणून आसपासचे सगळे बर्नर बंद करायला लावले. शेजारच्यांनी सहन केलं, पण नजरा बघायच्या.

तीन तासांनी फेस थांबला. वर फिकट हिरवा द्राव, म्हणजे फेरस, दोन भाराचं लोखंड. तळाला काळा गाळ, काजळीसारखा. गाळायला गेले तर व्हॅक्यूमचा पंप दुसऱ्या कुणाकडे होता आणि नळाला पाणी नव्हतं. म्हटलं गाळणं उद्या. बीकर बर्फात ठेवून हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडलं. प्रत्येक थेंबाला फसफस, आणि हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा काकवीसारखा तांबूस. शेवटी उकळी दिली, जास्तीचं पेरॉक्साइड घालवलं, झाकून घरी.

६ जुलै

आज गाळलं. द्राव १०० मिलि केला. स्टॅनस क्लोराइडने लोखंड खाली आणून डायक्रोमेटने अनुमापन, बीएस्सीला केलं होतं तेच. जांभळा रंग टिकला तिथे थांबायचं. तीन वाचनांवर १.०१ मोलर. छान सोयीचा आकडा: ०.२ मिलि घातलं की १० मोल टक्के.

काळा गाळ टाकून द्यायच्या आधी कुतूहल म्हणून काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मला वाटलं होतं पापुद्रे दिसतील, ग्रॅफाइट म्हणजे पापुद्रेच. तर दिसले गोळे. बारीक, काळे, मोहरीच्या दाण्यांसारखे गोल. मोबाइलवर फोटो काढून ठेवला. का काढला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

९ जुलै

८८ टक्के!

सगळं तेच, फक्त बाटलीतल्या फेरिक क्लोराइडऐवजी मामाच्या लेथचा द्राव. ३४२ मिलिग्रॅम, आणि तीनच तासांत. जोडगोळी जवळपास दिसत नाही. सरांना दाखवलं. त्यांनी वजन स्वतः परत केलं.

१० जुलै

परत केला प्रयोग. ३३६ मिलिग्रॅम, ८७ टक्के. आता योगायोग म्हणता येणार नाही. माझ्या द्रावात थोडं जास्तीचं आम्ल आहे, म्हणून बाटलीतल्या फेरिक क्लोराइडलाही तेवढंच आम्ल घालून बघितलं. ६५ टक्के. आम्लाचा संबंध नाही.

दुपारी विभागात पेढे. माझ्या खर्चाने, दुसऱ्यांच्या आग्रहाने. सरांनी परिषदेच्या सारांशासाठी शीर्षकही लिहून टाकलं: फाउंड्रीच्या टाकाऊ लोखंडापासून उत्प्रेरक. कुणीतरी 'कोल्हापुरी उत्प्रेरक' म्हणालं आणि ते नाव चिकटलं.

१६ जुलै

पाऊस. चार दिवस सूर्य नाही. निर्जल फेरिक क्लोराइडची नवी बाटली उघडली होती, चमचा आत घालून बाहेर काढेपर्यंत काळ्या-हिरव्या भुकटीचा चिखल. जुलैत कोल्हापुरात हे रसायन उघड्यावर तोलायचं म्हणजे शर्यत. सहा पाण्यांचंच बरं, तेही ओल धरतं, पण भीती कमी, ते आधीच भिजलेलं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ सगळे मोबाइलवर बघतायत. ३९ फूट इशारा, ४३ धोका. इथे लहान मुलालाही हे दोन आकडे पाठ असतात.

१९ जुलै

मामा घरी आला होता. मी कौतुकाने ८८ टक्के सांगितलं, त्याने "भारी" म्हटलं आणि भजी घेतली. मग गोळ्यांचा फोटो दाखवला.

"हे गोल दिसतंय न्हवं? मग हे एसजी हाय. त्या दिवशी हबचा जॉब होता मशीनवर."

एसजी म्हणजे काय ते मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. मामाने बशीत बोटाने काढून दाखवलं. साध्या बिडात, म्हणजे ग्रेमध्ये, ग्रॅफाइट पापुद्र्यांनी पसरतं, म्हणून ते ठोकलं की फुटतं. वितळलेल्या रसात किंचित मॅग्नेशियम घातलं की तेच ग्रॅफाइट गोळ्या होऊन बसतं आणि लोखंड चिवट होतं. ट्रॅक्टरचे हब, क्रँकशाफ्ट त्याचे.

"आणि कडक पाहिजे असंल तर कॉपर टाकतात त्यात."

माझ्या हातातली भजी तशीच राहिली. "काय टाकतात?"

"कॉपर. तांबं. अर्धा टक्का, पाऊण टक्का, ग्रेडवर हाय ते. पर्लाइट का काय म्हणतात, ते वाढतं. आमच्या टूलला लगेच कळतंय, टिप खातंय ते."

मी म्हटलं, "मामा, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुठं इचारलंस?"

२० जुलै

रात्री झोप नाही. लोखंडाच्या उत्प्रेरणात ही गोष्ट सगळ्यांनी एकदा तरी ऐकलेली असते. मी वर्गात ऐकली होती आणि सोडून दिली होती. २००७ मध्ये जर्मनीतल्या कार्स्टन बोल्म यांच्या गटाने फेरिक क्लोराइड वापरून नायट्रोजनवर बेंझीनचं कडं जोडून दाखवलं. आधी हे काम तांबं किंवा पॅलेडियम करायचं, त्यामुळे खूप गाजलं. मग २००९ मध्ये बोल्म आणि अमेरिकेतले स्टीफन बुकवॉल्ड यांनी मिळून प्रसिद्ध केलं की वेगवेगळ्या बाटल्यांतलं फेरिक क्लोराइड वेगवेगळं वागतं, अतिशुद्ध घेतलं की काम ढेपाळतं, आणि दशलक्षात काही भाग तांबं परत घातलं की पुन्हा चालतं. म्हणजे लोखंडाच्या नावावर तांबं राबत होतं.

मला त्यातलं जास्त आवडलं ते हे, की ज्याने आधी लोखंडाचं सांगितलं तोच नंतरच्या लेखावर सही करणाऱ्यांत होता. पेढे वाटून झाल्यावर हे करायला काय लागत असेल ते मला आत्ता कळतंय.

त्यांच्याकडे दशलक्षातले काही भाग होते. माझ्याकडे अर्धा-पाऊण टक्का.

२२ जुलै

साधी परीक्षा. माझा द्राव १० मिलि, त्यात अमोनिया भरपूर. लोखंडाचा तपकिरी चोथा खाली बसला, जेलीसारखा, गाळायला पाऊण तास. खाली आलेला द्राव परीक्षानळीत घेतला. समोरून बघितलं तर पाणी. मन हलकं झालं.

मग नळी उभी धरून खाली पांढरा कागद ठेवला आणि वरून आत बघितलं. निळं. फार नाही, धुतलेल्या पांढऱ्या शर्टाला नीळ जरा जास्त झाली की दिसतं तेवढं. शेजारी बाटलीतल्या फेरिक क्लोराइडची तशीच नळी ठेवली. तिच्यात काही नाही. दोन्ही नळ्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि काही बोलले नाही. सर बराच वेळ वरून बघत होते. मग म्हणाले, "सारांश पाठवायची तारीख कधी आहे?" म्हटलं, "परवा." म्हणाले, "जाऊ दे ती."

२४ ते २९ जुलै

पूर. विभाग बंद. शिरोलीकडचा महामार्ग चालू आहे, पण २०१९ आणि २०२१ ला तिथेच पाणी आलं होतं, त्यामुळे पलीकडे राहणारे आधीच घरी गेलेत. मी वहीची जुनी पानं वाचत बसले आणि ५ जुलैच्या नोंदीवर अडकले. 'गाळणं उद्या.'

हेच ते. बीड आम्लात विरघळतं तेव्हा तांबं विरघळत नाही; आम्लाला ते दाद देत नाही, आणि थोडं गेलंच तरी शिल्लक लोखंड त्याला लगेच बाहेर ढकलतं. म्हणजे तांबं काळ्या गाळात, ग्रॅफाइटच्या गोळ्यांबरोबर पडून होतं. पेरॉक्साइड घातल्यावर फेरिक झालं, आणि फेरिक क्लोराइड तांब्याला खातं. इलेक्ट्रॉनिक्सवाली मुलं सर्किटच्या पाट्या यातच बुडवून तांबं उडवतात! मी गाळ बाहेर न काढता पेरॉक्साइड सोडलं आणि तळाचं तांबं वर आणून ठेवलं.

पंप त्या दिवशी मोकळा असता तर मला ८८ दिसलेच नसते.

२ ऑगस्ट

त्याच पिशवीतला कीस, ६ ग्रॅम. या वेळी फेस थांबल्याबरोबर, हिरवा असतानाच गाळला. काळा गाळ वेगळ्या बाटलीत, नाव घालून. मग पेरॉक्साइड. अनुमापन: ०.९९ मोलर. अमोनियाची नळी वरून बघितली: कोरी. जुन्याला 'क', नव्याला 'ख' म्हणू.

६ ऑगस्ट

'ख' द्राव: २५६ मिलिग्रॅम. ६६ टक्के. बाटलीतल्या फेरिक क्लोराइडएवढंच, ना कमी ना जास्त.

मामाच्या लोखंडात काही जादू नाही.

९ ऑगस्ट

उलट बाजूने. 'क' मध्ये मामाच्या अंदाजाने जेवढं तांबं असेल तेवढं क्युप्रिक क्लोराइड, म्हणजे आपल्या हिशोबाने ०.०५ ते ०.०७ मोल टक्के. पाव मिलिग्रॅमच्या आत, काट्यावर तोलता येत नाही. पातळ द्राव करून मायक्रोपिपेटने घातलं.

नुसतं तांबं, लोखंड नाही: १०९ मिलिग्रॅम, २८ टक्के.
बाटलीतलं लोखंड आणि हे तांबं मिळून: ३३४ मिलिग्रॅम, ८६ टक्के.

इथे आमची गोष्ट बोल्म-बुकवॉल्डच्या गोष्टीपासून फुटते. तिथे तांबं मालक होतं. इथे एकटं तांबं १८ चे २८ करतं, एकटं लोखंड ६७ करतं, आणि दोघं मिळून ८६. माझा तर्क असा: दोन भाराचं लोखंड आम्लात हवेने सावकाश परत फिरतं, तांबं तो परतीचा रस्ता लवकर करून देतं. एथिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड करायच्या व्हॅकर प्रक्रियेत पॅलेडियमला तांबं असंच परत उभं करतं. तर्कच आहे, सिद्ध केलेलं नाही.

चुंबकी ढवळकांडी नवी घेऊनही एकदा केलं, कारण जुनी कांडी आधी कुणी तांब्याच्या प्रयोगाला वापरली असेल तर सगळंच मुसळ केरात. फरक नाही.

१४ ऑगस्ट

एएएसचे, म्हणजे प्रकाश किती शोषला त्यावरून धातू मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे आले, तांब्याचा दिवा, ३२४.८ नॅनोमीटर. 'क' मध्ये लिटरला ४१० मिलिग्रॅम, 'ख' मध्ये ९. परत बिडात मोजलं तर ०.६८ टक्के. मामाने अर्धा-पाऊण म्हटलं होतं, बशीत बोट फिरवत. यंत्राच्या नंबरासाठी मी पाच दिवस थांबले होते.

२१ ऑगस्ट

वेगवेगळी अल्डिहाइडं करून बघितली, 'ख' द्रावाने. क्लोरो चांगलं, नायट्रो त्याहून चांगलं, मेथॉक्सी रेंगाळतं. अपेक्षेप्रमाणे, लिहिण्यासारखं काही नाही. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतला कुठला हायड्रोजन कुठे आहे ते रेघांनी दाखवणाऱ्या तपासणीत, मूळ मालाचा एनएच १२.९ ला रुंद येतो, ८.२ ला दोन हायड्रोजनांची जोडी. जोडगोळी असेल तर ५.५ च्या आसपास बेंझिलची एक सरळ रेघ दिसते. 'ख' मध्ये ती दिसते, 'क' मध्ये नव्हती. लवकर ऑक्सिडेशन झालं की जोडगोळीला वेळच मिळत नाही, एवढं यातून नक्की.

२५ ऑगस्ट

शीर्षकावरून सरांशी अर्धा तास. त्यांचं म्हणणं, 'लोखंड आणि तांबं' लिहिलं की तपासणारे म्हणणार यात नवीन काय, तांबं हे करतं हे माहीतच आहे. माझं म्हणणं, 'लोखंड' एवढंच लिहिलं तर ८८ कापावे लागतील.

"मग काप," सर म्हणाले. "६६ टाक."

"आणि ८८ चं काय करू?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग कागद ओढून स्वतःच लिहिलं: टाकाऊ बिडापासून मिळवलेल्या लोखंडाच्या द्रावाने बेंझिमिडॅझोल, आणि बिडातल्या तांब्याचा वाटा. लांब आहे, ऐकायला चांगलं नाही. 'कोल्हापुरी उत्प्रेरक' याहून कितीतरी भारी होतं. पण यात दोन्ही आकडे मावतात.

मी विचारलं, आभारात मामाचं नाव घातलं तर चालेल का. "टर्नर म्हणून घाल," म्हणाले.

२९ ऑगस्ट

उद्यमनगरात गेले. मामाला सगळं सांगितलं, तो टूल घासता घासता ऐकत होता. शेवटी विचारलं, "मग आमचं लोखंड चांगलं का वाईट?"

म्हटलं, चांगलंच, पण कोणतं ते दर वेळी ठाऊक पाहिजे.

त्याने आतून दोन पिशव्या आणल्या. आधीच बांधून ठेवल्या होत्या. वर खडूने नव्हे, मार्करने लिहिलेलं: 'ग्रे, पुली' आणि 'एसजी, हब'. ग्रेच्या पिशवीत खाली एक चिठ्ठी, फाउंड्रीतून विचारून आणलेली. रसात कॉपर घातलेलं नाही, पण भट्टीत भंगार कुठलं होतं ते सांगता येत नाही.

उद्या ग्रे, ६ ग्रॅम. हिरवं असतानाच गाळायचं. पंपाला आत्ताच नाव लावून आले.